फ्रेंच-कॅनडियन शेतकरी पूर्वजाचा माग दर वेळी एकाच ठिकाणी तुटतो, तेव्हा काय करावं

अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत आता फ्रेंच-कॅनडियन वंशाच्या सुना आहेत, जावई आहेत. नातवंडं शाळेतून वंशवृक्षाचा कागद घेऊन येतात. आपल्या बाजूचं आपण कुलवृत्तांत, एखादे काका, गावाकडची मंडळी यांच्या जोरावर भरून टाकतो. दुसऱ्या बाजूला मात्र गाडी हटकून एकाच जागी अडते. १८८०च्या आसपासचं न्यू इंग्लंडमधलं (अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं) एखादं गिरणीचं गाव, तिथं कामाला आलेला एक माणूस, आणि त्याच्या मागे अंधार.

माझ्या व्याह्यांचं आडनाव किंग. घरात माहिती एवढीच, की त्यांचे पणजोबा ‘कॅनडाकडून’ लोवेलच्या कापड गिरणीत आले आणि त्याआधी शेती करत. मी क्वेबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात, किंग शोधत आठ महिने घालवले. आयरिश किंग सापडले, स्कॉटिश किंग सापडले, आमचे किंग काही सापडले नाहीत. नंतर इतर तीन घरांच्या वंशावळी करून दिल्या, तेव्हा लक्षात आलं की अडचण प्रत्येकाची तीच आहे आणि ती सुटते. माणूस हरवलेला नसतो. त्याला तीन नावं असतात आणि आपण त्यातलं शेवटचं धरून बसलेलो असतो.

आधी एक दिलासा. क्वेबेकच्या कॅथलिक शेतकऱ्यांइतक्या सलग नोंदी जगात फार थोड्या सामान्य माणसांच्या आहेत. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या चर्चच्या वह्या १६२१ पासूनच्या आहेत. १६४० साली क्वेबेक शहरातलं चर्च जळालं तेव्हा वह्याही जळाल्या, तर लोकांच्या आठवणीतून त्या पुन्हा लिहून काढल्या गेल्या. १७व्या शतकाच्या अखेरीपासून प्रत्येक वहीच्या दोन प्रती ठेवायची पद्धत पडली, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. त्यामुळे ‘नोंदच नसेल’ असं म्हणून सोडून देण्याआधी दहा वेळा विचार करा.

अमेरिकेत आडनावाचं भाषांतर झालं असेल

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच-कॅनडियन अमेरिकेत गेले. लोवेल, मँचेस्टर, वुनसॉकेट, फॉल रिव्हर, लुइस्टन ही त्यांची गिरणगावं. हजेरीपटावर नाव लिहिणारा कारकून इंग्रजी बोलणारा, आणि सांगणाऱ्याला लिहिता-वाचता येत असेलच असं नाही. मग काही आडनावं अर्थाने बदलली. रुआ म्हणजे राजा, त्याचा झाला किंग. ब्वाव्हेरचा ग्रीनवुड, लब्लाँचा व्हाइट, बुलांजेचा बेकर, म्युनियेचा मिलर. कुर्तमाँश म्हणजे आखूड बाही, तर ते कुटुंब चक्क शॉर्टस्लीव्ह्ज झालं. काही आडनावं अर्थाने न बदलता कानावर पडली तशी उतरली: बनवाचं बेनवे, आर्शांबोचं शॅम्बो.

इथे अंदाज बांधत बसू नका. त्या गिरणगावात फ्रेंच लोकांचं वेगळं चर्च होतं का, ते पाहा. बहुतेक ठिकाणी होतं, आणि तिथले पाद्री बहुधा क्वेबेकहूनच आलेले असत. सरकारी दाखल्यावर जो किंग, तोच त्या पाद्र्याच्या वहीत रुआ. आम्हाला लोवेलच्या सरकारी दाखल्यात व्याह्यांच्या पणजोबांच्या आईचं नुसतं पहिलं नाव मिळालं होतं. चर्चच्या नोंदीत तिचं माहेरचं आडनाव होतं, उएले. पुढचं सगळं त्या एका शब्दाने उघडलं.

‘दी’ म्हणजे ऊर्फ

एवढं करूनही क्वेबेकमध्ये रुआ आणि उएले असं जोडपं मला मिळेना. कारण तिथं त्या घराला कुणी रुआ म्हणतच नव्हतं, देजार्दाँ म्हणत होते.

फ्रेंच कॅनडात असंख्य घरांना दोन आडनावं होती, मध्ये ‘दी’ हा शब्द घालून जोडलेली. दी म्हणजे ‘म्हटला जाणारा’, आपलं ऊर्फ. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू होतं, फडणिशी आली आणि भानू मागे पडलं. तसाच प्रकार, फक्त हुद्द्याऐवजी बरेचदा पलटणीतलं टोपणनाव. १६६५ साली कारिन्याँ-सालिएर ही फ्रेंच पलटण तिथल्या मूळ रहिवासी इरोक्वांशी लढायला न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीत उतरली. बाराशेच्या वर शिपाई होते, त्यातले सुमारे चारशे तिथेच जमीन घेऊन राहिले. शिपायाला टोपणनाव असायचंच, आणि ते पोराबाळांना चिकटलं. एकाच आडनावाची दोन घरं वेगळी ओळखता यावीत म्हणून, गावावरून किंवा शेतावरूनही अशी नावं पडली.

यातलाच एक शिपाई आँत्वान रुआ दी देजार्दाँ, फ्रान्समधल्या झ्वान्यी गावचा, लाकडी पिंपं बनवणारा. १६६८ साली क्वेबेकमध्ये त्याचं लग्न मारी माजोरशी झालं. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सच्या राजाने आपल्या खर्चाने सुमारे ७७० तरुणी वसाहतीत पाठवल्या, त्यांना ‘राजाच्या मुली’ म्हणतात, मारी त्यांतलीच. त्यांचा वंश पुढे क्वेबेकमधल्या कामुरास्काच्या बाजूला वाढला. १९०० साली लेव्ही गावात सहकारी पतपेढी काढून क्वेबेकची सहकारी पतपेढ्यांची चळवळ उभी करणारे आल्फाँस देजार्दाँ याच नावाचे. त्यांच्या वडिलांचं नाव फ्राँस्वा रुआ दी देजार्दाँ आणि आईचं क्लारिस मिव्हिल दी देशेन. म्हणजे आई-वडील मिळून चार आडनावं, आणि मुलगा जगाला माहीत झाला तो एकाच आडनावाने.

खरा घोळ पुढे होतो. पूर्ण नाव लांब असल्याने पाद्री कधी पहिला अर्धा लिहितो, कधी दुसरा. बाप्तिस्मा रुआ, लग्न देजार्दाँ, दफन पुन्हा रुआ. सख्ख्या भावांपैकी एक रुआ राहतो आणि एक कायमचा देजार्दाँ होतो. व्याह्यांचे पणजोबा लोवेलला जाताना रुआ म्हणून गेले, मागे राहिलेले सगळे देजार्दाँ.

म्हणून एक कागद घ्या आणि कुटुंबाच्या आडनावाची जितकी रूपं दिसतील तितकी लिहून काढा, बायकांचीसुद्धा. बाईच्या बाबतीत ‘दी’चं ‘दित’ होतं. एखादं नाव शोधून काही मिळालं नाही तर ‘नाही’ असा निकाल देऊ नका, पुढचं रूप शोधा.

बाईच्या माहेरच्या नावाला धरून चला

हे मला सगळ्यात उशिरा उमगलं, आणि हेच सगळ्यात उपयोगी आहे. आपल्याकडे सासरी गेलेल्या बाईचं आडनाव बदलायचं, पुष्कळ घरांत पहिलं नावही बदलायचं. आपल्या आज्या-पणज्यांची माहेरची नावं म्हणूनच इतकी चटकन पुसली गेली. मला स्वतःला माझ्या पणजीचं माहेरचं पहिलं नाव माहीत नाही, आणि ते सांगू शकेल असं आता कुणी राहिलेलं नाही.

क्वेबेकच्या वह्यांत बाई जन्मते ज्या नावाने, त्याच नावाने मरते. मुलाच्या बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं नाव, मुलीच्या लग्नात आईचं माहेरचं नाव, तिच्या दफनातही माहेरचंच नाव आणि ‘अमक्याची पत्नी’. पुरुषाचं आडनाव तीन वेळा बदलेल, पण त्याच्या शेजारी असलेल्या बाईचं नाव खुंट्यासारखं जागेवर असतं. तिच्याही घराला ‘दी’ असू शकतो, पण दोघांची नावं एकाच वेळी घसरणं विरळा.

त्यामुळे एकेकटा माणूस शोधू नका, जोडपं शोधा. ‘जोझेफ रुआ’ असे शेकडो निघतील, कारण जवळजवळ प्रत्येक मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात आधी जोझेफ आणि प्रत्येक मुलीच्या नावात आधी मारी असायचं. रोजच्या वापरातलं नाव बहुधा शेवटचं. पण अमुक रुआ आणि तमुक उएले असं जोडपं एका परगण्यात एक-दोनच निघतं. मी नवऱ्याचं आडनाव मोकळं सोडून फक्त उएले आणि दोघांची पहिली नावं टाकली, आणि पंधरा मिनिटांत देजार्दाँ समोर आले. आठ महिने आणि पंधरा मिनिटं.

लग्नाची नोंद अक्षर न् अक्षर वाचा

जन्मावरून मागे जाऊ नका, लग्नावरून जा. लग्नाच्या एका नोंदीत दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावं असतात, म्हणजे एका दमात एक पिढी वर. इंडेक्सवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडा. फ्रेंच येत नसलं तरी घाबरू नका, मजकूर साच्यातला असतो आणि पाच-सहा नोंदींनंतर डोळ्यांना सवय होते.

साल अक्षरी असतं: ‘एक हजार आठशे एकोणतीस’. मग तीन रविवारी जाहीर केलेल्या लग्नाचा उल्लेख. मग वर: कुल्तिव्हातर, म्हणजे शेतकरी. जुर्नालिये लिहिलं असेल तर रोजावर राबणारा. हा फरक टिपून ठेवा, पुढे जमीन शोधताना लागतो. ‘सज्ञान मुलगा’ किंवा ‘अज्ञान मुलगा’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून वयाचा अंदाज येतो. आणि वडिलांच्या नावाआधी एक इवलासा शब्द असतो किंवा नसतो. उच्चार साधारण ‘फ’, लिखाणात तीन अक्षरं. तो म्हणजे आपला ‘कै.’ तो असेल तर वडील लग्नाआधी गेले, दफनाची नोंद त्या तारखेच्या मागे शोधायची. थोरल्या भावाच्या लग्नात ‘कै.’ नाही आणि धाकट्याच्या लग्नात आहे, तर मृत्यू त्या दोन तारखांच्या मधला. आमच्या घरातला एक मृत्यू मी याच रीतीने अकरा महिन्यांच्या टप्प्यात पकडला.

वधू-वर जवळचे नातलग असूनही चर्चने लग्नाची सूट दिली असेल तर तीही लिहिलेली असते, ‘तिसऱ्या पायरीचं’, ‘चौथ्या पायरीचं’ अशी. चौथी पायरी म्हणजे दोघांचे खापरपणजोबा किंवा खापरपणजी एकच. वरची पिढी जुळवताना हा आयता पुरावा आहे, वाया घालवू नका.

तारखांत एक सापळा आहे, त्यात मी स्वतः पडले. पाद्री महिन्यांची नावं आखूड करून लिहीत: ७ब्र, ८ब्र, ९ब्र, आणि रोमन दहाचा आकडा काढून पुढे ब्र. ८ब्र दिसलं की आपण ऑगस्ट म्हणतो. तो ऑक्टोबर आहे. ही जुनी लॅटिन नावं, सप्त-अष्ट-नव-दशची. सप्टेंबरच्या नावातच सात आहे. ७ब्र सप्टेंबर, ८ब्र ऑक्टोबर, ९ब्र नोव्हेंबर, दहावालं डिसेंबर. एका इंडेक्समध्ये हीच चूक झालेली होती आणि त्यापायी एक मूल आई-बापांच्या लग्नाआधी जन्मलेलं दिसत होतं.

शिवाय एकाच घरात एकाच नावाची दोन मुलं दिसली तर पहिलं गेलं असं समजून दफन शोधा. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत होती.

गावात नोंदच नाही?

गाव बरोबर असेल, पण पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला मुलूख) नंतर झाली असेल. शेतकरी नदीकाठाने वस्ती करत गेले, चर्च मागाहून आलं. तोवर नोंद आधीच्या, मोठ्या पॅरिशमध्ये. सेंट-पास्काल १९व्या शतकात कामुरास्कातून फुटून निघाली, आणि कामुरास्काच्या सुरुवातीच्या लोकांच्या नोंदी रिव्हिएर-उएलच्या वहीत मिळतात. तेव्हा पॅरिशची वही कोणत्या सालापासून आहे ते पाहा, आणि साल कमी पडलं की आईपॅरिशकडे वळा. नवरीकडची पॅरिशही बघा, लग्न बहुधा तिथंच लागे.

जनगणनेतल्या वयावर फार विसंबू नका. १८५१ आणि १८६१च्या गणनेत पुढच्या वाढदिवसाचं वय विचारलं होतं, त्यामुळे वर्षभराचा फरक ही चूक नव्हे.

नोटरीचं दफ्तर: शेतकऱ्याचं खरं घर इथं आहे

बहुतेक जण चर्चच्या वह्यांवर थांबतात. शेतकऱ्याच्या बाबतीत असं थांबणं म्हणजे अर्धा माणूस सोडून देणं. क्वेबेकमध्ये जमिनीचा, लग्नाचा, वारशाचा जवळजवळ प्रत्येक व्यवहार नोटरीपुढे, म्हणजे करार लिहून स्वतःच्या दफ्तरात ठेवणाऱ्या कायद्याच्या माणसापुढे होई, आणि नोटरीची दफ्तरं जपून ठेवलेली आहेत. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने त्यांतली पुष्कळ इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. प्रत्येक नोटरीची तारीखवार सूची असते. परगण्यात त्या काळी कोण कोण नोटरी होते ते काढा आणि सूची चाळा.

कुठली तारीख चाळायची, हा प्रश्न पडतो. लग्नाचा करार चर्चच्या लग्नाच्या आधी थोड्या दिवसांत झालेला असतो. जमिनीचं दानपत्र बहुधा एखाद्या मुलाच्या लग्नाच्या आगेमागे असतं. लग्नाच्या तारखा हातात असल्या की शंभर पानांऐवजी चार पानं चाळून भागतं.

दानपत्र का शोधायचं, तर त्यात सगळं घर असतं. तिथली शेतं नदीला तोंड करून पट्ट्यांसारखी. काठावर तीन आर्पां रुंद, म्हणजे पावणेदोनशे मीटरच्या आसपास, आणि मागे तीस-चाळीस आर्पां खोल. तीस धरले तर साधारण ७५ एकर. कायद्याने सामान्य शेतकऱ्याच्या जमिनीत सगळ्या मुलांचा सारखा वाटा. आठ-दहा मुलांत तो पट्टा फाडला तर कुणाचंच पोट भरणार नाही, हे बापाला कळत होतं. म्हणून तो जिवंतपणीच सगळी जमीन एका मुलाच्या नावे करे, आणि बदल्यात मुलाने म्हाताऱ्या-म्हातारीला मरेपर्यंत सांभाळायचं. सांभाळायचं म्हणजे काय, ते नोटरी वस्तूवार लिही. गहू इतके मिनो (एक मिनो साधारण ३९ लिटर), एक पोसलेलं डुक्कर, चुलीच्या मापाने फोडलेलं लाकूड दाराशी रचून, रविवारी चर्चला न्यायला-आणायला घोडा, मेल्यावर इतक्या प्रार्थना. आणि एक दुभती गाय, ‘जी मरत नाही’. शब्द असेच आहेत, न मरणारी गाय. म्हणजे गाय मेली तर मुलाने दुसरी आणून बांधायची, आई-बापांचं दूध बंद होता कामा नये.

त्याच कागदात बाकीच्या भावंडांना काय द्यायचं तेही असतं, एकेकाच्या नावानिशी. ज्या बहिणींची लग्नं झालीत त्यांच्या नवऱ्यांची नावं, जे गाव सोडून गेले त्यांचा ठावठिकाणा. वारस लावलेल्या फेरफारात आपल्याला जे मिळतं त्यापेक्षा जास्त. लोवेलचा किंग आणि कामुरास्काचा देजार्दाँ एकच, हे सिद्ध करणारा कागद तुम्हाला चर्चमध्ये मिळाला नाही तर इथं मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

ही कागदपत्रं वाचायला चर्चच्या नोंदींपेक्षा अवघड आहेत, हे खरं. अक्षर धावतं, वाक्य दोन-दोन पानं संपत नाही. मी आधी फक्त नावं आणि आकडे उतरवून घेते, मग मधलं भरते.

तयार झाडं उचलू नका

इंटरनेटवर कुणीतरी जोडून ठेवलेली वंशावळ जशीच्या तशी घेतली की त्यातली चूकही आपल्या घरात येते. तांगे नावाच्या पाद्र्याने १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळींचा कोश काढला. एका माणसाचं काम म्हणून थक्क व्हावं असं आहे, पण त्यात चुका आहेत, आणि त्या आजही झाडाझाडांतून फिरतात. मॉन्ट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा संग्रह जुन्या काळासाठी जास्त भरवशाचा, तो कुटुंबवार जुळवलेला आहे. द्रुअँ संग्रहात १९४०च्या दशकापर्यंतच्या वह्यांचे फोटो आहेत, तर फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर त्याच प्रकारचे फोटो फुकट बघता येतात. कुठूनही मिळालं तरी मूळ पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वंशवृक्षात नाव लिहू नका.

आमच्या घरचं दानपत्र १८७९चं निघालं. जमीन धाकट्या भावाला. त्याने बहिणींना काय द्यायचं ते लिहिल्यावर एक ओळ येते: व्याह्यांचे पणजोबा, ‘या प्रांतात हजर नसलेले’, ते परत आल्यास त्यांना दोन वर्षांची एक कालवड आणि पन्नास डॉलर. व्याह्यांना मी हे फोनवर वाचून दाखवलं. त्यांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. त्यांनी ती ओळ मला तीनदा वाचायला लावली, आणि मग विचारलं, “घेतली का हो त्यांनी ती कालवड?”

घेतली असेल तर पावती असणार, आणि पावतीही नोटरीपुढेच होई. तिला कितांस म्हणतात, सूचीत त्याच नावाने लिहिलेली असते. मी १८७९ पासून त्या नोटरीची सूची वाचायला घेतली आहे. १८८६ पर्यंत आले, अजून मिळालेली नाही.